सासूबाईंचा खडा आणि माझी राळ

सासूबाईंचा रशियन खडा मी गणपतीच्या आरतीत जाळला, ही गोष्ट आजपर्यंत मी कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (बायकोला सांगायचं आणि तरी गोष्ट गुप्त ठेवायची, हे आमच्या घरात जमत नाही.)

सासरे इथल्या कारखान्यात इंजिनिअर होते. नागपूरहून भोपाळला आले आणि भोपाळहून कंपनीनं त्यांना एकदा सहा महिने रशियात पाठवलं. येताना त्यांनी बायकोसाठी मधाच्या रंगाचा, बोराएवढा एक खडा आणला. हा पुष्कराज आहे, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं आणि सासऱ्यांनी स्वभावाप्रमाणे विरोध केला नाही. ते गेल्यावर खडा कपाटात साड्यांच्या घडीत पडून राहिला. सात वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, तो बाहेर निघाला आणि माझे साडू प्रमोदराव यांच्या हातात पडला.

प्रमोदराव म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, ताईंचे, यजमान. त्यांना सगळं कळतं. मला काहीच कळत नाही, पण मी बोलत नसल्यामुळे ते उघडकीला येत नाही. त्यांनी खडा तळहातावर तोलला.

"आई, हा पुष्कराज नाही. इतका हलका? प्लास्टिक आहे हे."

"यांनी मला रशियातून प्लास्टिक आणलं?" सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांकडे असं पाहिलं, की फोटोतला माणूस थोडा मागे सरकल्यासारखा वाटला.

खडा तपासून आणायची जबाबदारी अर्थात प्रमोदरावांनी घेतली. गणपती बसला त्या दिवशी दुपारी ते चौकातल्या एका जुन्या जवाहिऱ्याकडून परतले, ते अशोका गार्डनमधल्या सासूबाईंच्या दोन खोल्यांत सभेला उभे राहिल्यासारखे उभे राहिले.

"चाचानं खडा बाहीवर घासला. कागदाचे कपटे टाकले. खडा जवळ नेला, तर टपाटप चिकटले की हो! भोपाळी ढंगात म्हणतो कसा, 'खां, ये तो कहरुबा है. असली. संभालके रखिए.'"

"काय रुबा?" सासूबाई म्हणाल्या.

"कहरुबा. अंबर. आपल्यात तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढतो म्हणून. मुळात झाडाची राळ असते, आई. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून तिचा दगड होतो."

"म्हणजे यांनी मला डिंक आणला."

"राळ, आई. रत्नात धरतात तिला."

'रत्न' ऐकल्यावर सासूबाई मवाळ झाल्या. "मग आज देवापुढे राहू दे. उद्या अंगठी करायला टाका." प्रमोदरावांनी जवाहिऱ्यानं दिलेली पांढऱ्या कागदाची पुडी गणपतीपुढे ठेवली.

आता दुसऱ्या पुडीबद्दल. धुपाची राळ किराणा दुकानातून येते ती वर्तमानपत्राच्या कागदात. पण वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती असतात, त्या देवापुढे नकोत, असा सासूबाईंचा नियम आहे. म्हणून ती राळ त्यांनी सकाळीच स्वतःच्या हातानं पांढऱ्या कागदात बांधून गणपतीपुढे ठेवली होती. (हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. सांगतोय खरं तर त्यासाठीच.)

सासरी आरतीला प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. प्रमोदरावांकडे आवाज, ताईंकडे टाळ, माझ्या बायकोकडे, नीलिमाकडे, निरांजन आणि शेजारच्या काकूंकडे सगळ्यांच्या चुका काढणं. माझ्याकडे धुपाटणं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

"सुधीरराव, राळ टाका," दुसरी आरती रंगात आली असताना सासूबाई म्हणाल्या.

धुरानं चष्मा काळवंडतो म्हणून मी तो कपाळावर चढवला होता. हाताला पुडी लागली, ती निखाऱ्यांवर उपडी केली. एकच खडा पडला. सासूबाईंनी यंदा राळेत काटकसर केली आहे, एवढंच मनात आलं.

खडा तडतडला नाही. आधी मऊ झाला, मग पाकासारखा फसफसला आणि मग जो पांढरा धूर निघाला, त्याला खरंच तोड नव्हती. एखाद्या डोंगरावरचं अख्खं जंगल दोन खोल्यांत येऊन उभं राहिल्यासारखा वास. टाळ थबकले. प्रमोदरावांचा वरचा सूर खाली आला.

"अगं बाई, हा धूप कुठला?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडचा तर नुसते डास पळवतो."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. "देव पावला. जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे हो."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि सासरी माझं हे पहिलंच कौतुक. मी विनयानं मान खाली घातली आणि धुपाटणं आणखी जोरात फिरवलं.

प्रसाद वाटून झाल्यावर प्रमोदरावांना काकूंना तृणमणी दाखवायचा होता. त्यांनी उरलेली पुडी ऐटीत उघडली. आत राळेचे चार खडे आणि चिमूटभर भुगा.

"चाचानं बदलला!" प्रमोदराव ओरडले.

सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पुडी आणली कोणी?"

"मी, आई."

"थेट आलात?"

"वाटेत फक्त पोहे-जिलेबी खाल्ली."

"कोणाबरोबर?"

"एकटाच होतो."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

मी खाली धुपाटण्यात पाहिलं. निखाऱ्यांच्या मधोमध एक काळा, चिकट डाग उकळत होता. शास्त्र बघाल तर माझं काही चुकलं नव्हतं. मला राळ टाकायला सांगितली होती आणि मी राळच टाकली होती. फक्त जरा जुनी. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकू मध्ये पडल्या.

"सुधीरराव, विझवू नका बाई इतक्यात. शेवटचा थोडा घेऊ दे." आणि त्यांनी सासूबाईंचं ते रत्न ओंजळी भरभरून तोंडावर, केसांवर, अगदी ब्लाउजच्या बाहीपर्यंत ओढून घेतलं. मी तोंड मिटलं. मोरीत जाऊन तारेच्या घासणीनं धुपाटणं घासलं. इतकं घासलं, की नीलिमा म्हणाली, "घरी चहाचं पातेलं कधी असं घासलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी प्रमोदरावांनी मला साक्षीदार म्हणून चौकात नेलं. जवाहिऱ्यानं राळेचा खडा बाहीवर घासला. त्याचं पीठ झालं.

"खां, ये तो धूप है," तो शांतपणे म्हणाला. "इसे जलाते हैं. उसे पहनते हैं. इतना तो घरवालों को पता होगा?"

मला खोकला आला. प्रमोदराव बाहेर पडल्यावर म्हणाले, "बघितलंत, कसा साळसूद आहे?" मी मान हलवली. ती मान मी आजही विसरलेलो नाही.

सासूबाई त्यांना कधी चोर म्हणाल्या नाहीत. पण ते 'हं' प्रमोदरावांच्या मागे लागलं. आईनं माझ्या नवऱ्याला 'हं' म्हटलं, म्हणून ताईंनी दिवाळीला माहेरी येणं बंद केलं. प्रमोदराव गणपतीला येतात, पण बिनखिशाचा कुर्ता घालून. शिंप्याला सांगून मुद्दाम शिवून घेतलाय. निघताना दोन्ही हात बाजूंना धरून उभे राहतात, विमानतळावर उभं राहावं तसे. "बघून घ्या, आई." आरती म्हणत नाहीत.

आणि मला दर वर्षी तोच धूप आणायचा हुकूम. गुग्गुळ झाला, चिडाची राळ झाली. एकदा हताश होऊन देवदाराच्या वासाचं फिनेल चार थेंब टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "सुधीरराव, आज गणपतीला ॲडमिट केल्यासारखं वाटतंय."

यंदा विसर्जनानंतर प्रमोदराव पहिल्यांदाच एकटे आमच्या मिसरोदच्या घरी आले. बाल्कनीत बसले.

"सुधीरराव, तुम्हाला म्हणून सांगतो. मला हल्ली वाटायला लागलंय, की मीच कुठेतरी ठेवला असेन आणि विसरलो असेन. घरातला दिवाण उसवला. स्कूटरची सीट फाडून बघितली. परवा डॉक्टरला विचारलं, माणूस चोरी करून विसरू शकतो का."

"काय म्हणाले?"

"झोपेची गोळी दिली. सगळ्या घरात तुम्ही एकट्यानं माझ्यावर कधी संशय घेतला नाही. तेवढं मात्र मी विसरणार नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षांत इतकी चांगली संधी आली नव्हती. घसा साफ केला, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी स्पष्ट आवाजात विचारलं,

"साखर किती घालू?"

ते दोन चमचे म्हणाले, चहा प्याले आणि माझा हात दाबून गेले.

प्रमोदरावांचं मी अजून देणं लागतो ते तीन शब्दांचं: खडा मी जाळला.