बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट

माझे सासरे हवाई दलातून निवृत्त झालेले. मूळचे साताऱ्याकडचे, पण शेवटची बदली लखनौला झाली आणि आलमबागेत घर घेऊन इथेच राहिले. मधुमेह जुना. सून मधुमेहावर संशोधन करते याचा त्यांना भारी अभिमान. नेमकं काय करते, हे मात्र मला त्यांना कधीच समजावता आलं नाही.

"पेशींमध्ये इवलेसे आरएनए असतात, बाबा. मायक्रोआरएनए. कुठलं प्रथिन किती बनू द्यायचं, यावर ते लगाम ठेवतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्यांचं गणित बिघडतं. त्यातले काही रक्तातही सापडतात. डोळा किंवा किडनी बिघडण्याआधीच त्यांच्यावरून कळेल का, ते आम्ही शोधतोय."

"अच्छा. म्हणजे माझं रक्त बघून तू सांगणार."

"मी नाही सांगणार. अजून कुणालाच सांगता येत नाही."

तरी हट्टाने त्यांनी आमच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून झाली तेव्हा वर वेगळं झालेलं पाणी पिवळसर असायला हवं होतं, ते गुलाबी दिसलं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातले मायक्रोआरएनए बाहेर सांडतात आणि आपल्याला हवं ते त्या गर्दीत हरवतं. नमुना बाद करावा लागला.

"माझं रक्त खराब निघालं?" बाबा दुखावले.

"रक्त नाही हो, नमुना खराब झाला. आणि चांगला असता तरी तुमच्या एकट्याचा रिपोर्ट नसताच मिळाला."

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! पण शेजाऱ्यांना बाबा सांगत राहिले, "बहू की लैब से रिपोर्ट आनी है." डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या म्हटलं की एकच उत्तर, "तुझा रिपोर्ट येऊ दे, मग बघू." मी चिडायचे, नवरा समजावायचा, बाबा पेपर उघडून बसायचे. त्यात एकदा पेपरात बातमी आली, की रक्ताच्या एका थेंबात मधुमेहाचं भविष्य कळणार. ती त्यांनी कापून फ्रिजवर लावली. मला ती टराटरा फाडावीशी वाटली.

एका सकाळी चहा घेताना ते उजवा डोळा चोळू लागले. "काळं जाळं आलंय गं समोर. पुसलं तरी जात नाही."

नवरा ऑफिसला गेलेला. मी कॅब करून त्यांना हजरतगंजच्या बाजूला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त उतरलं होतं.

"पर्दे की जाँच आख़िरी बार कब हुई थी?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा ताठ बसून म्हणाले, "हमारी बहू इसी पर रिसर्च करती है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदावर लिहायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान मला भांडता तरी आलं असतं. ज्या आजाराची खूण मी रक्तात शोधत होते, ती डॉक्टरांना दिव्याच्या उजेडात, बाहुली मोठी करून, सरळ दिसत होती. ही तपासणी आमच्या घरापासून मेट्रोच्या अंतरावर होती. कधीची.

दोन्ही डोळ्यांना लेझर झालं. डावा डोळा वाचला. उजव्यात धुकं राहिलं. त्याच सुमारास, आमच्या अभ्यासात रुग्णांच्या पहिल्या गटात मायक्रोआरएनएंचा जो फरक ठळक दिसला होता तो दुसऱ्या गटात दिसेनासा झाला. का, ते कळलं नाही. पुन्हा नमुने, पुन्हा तीच मोजणी.

"मी परत रक्त देतो," बाबा म्हणाले. "या वेळी नीट काढा म्हणावं."

"आधी डोळे," मी म्हटलं. जरा जोरातच.

फ्रिजवरची बातमी अजून तिथेच आहे. पडद्याची पुढची तपासणी जवळ आलीय, आणि बाबांनी आतापासूनच कुरकुर सुरू केली आहे.