मामा आणि चहाचा मळा

माझ्या बायकोच्या मामांइतका झाडांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांना वैताग आणणारा माणूस अख्ख्या मिसिसागात दुसरा सापडायचा नाही. मामा मूळचे वसईचे. तिथे त्यांची पानवेलीची वाडी होती, ती गेली आणि तिच्या जागी बिल्डिंगा आल्या, पण वाडी मामांच्या अंगातून काही गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की ते आधी कुंडीपाशी जाणार, मातीत बोट खुपसणार आणि मग यजमानांना "कसे आहात?" विचारणार. ग्रोसरीच्या दुकानात पालेभाजीवर पाणी फवारणाऱ्या पोऱ्याला त्यांनी एकदा असं काही झापलं होतं, की त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला, तर मामांनी त्यालाही कोथिंबीर कशी ठेवावी ते ऐकवलं. उजव्या अंगठ्याचं नख ते मुद्दाम वाढवत. फांदीची साल त्या नखाने किंचित खरवडायची आणि खाली हिरवं आहे की तपकिरी ते बघायचं, हे त्यांचं निदान. मात्र निदान काहीही निघो, निकाल ठरलेला असे. "येईल, येईल. मूळ जिवंत आहे."

त्यांच्या बेसमेंटमध्ये म्हणूनच रोपं वाढवायचे जांभळे दिवे लावून तीस-चाळीस कुंड्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत नुसत्या काड्या होत्या. पानवेल, केळ, सोनचाफा, एक शेवगासुद्धा. कॅनडातल्या हिवाळ्याने सगळ्यांचा निकाल केव्हाच लावला होता, फक्त मामांना तो मान्य नव्हता. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ स्टिक." मामा दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. ती काडी शेवग्याची होती आणि मामा तिला तीन वर्षं पाणी घालत होते.

मामी आजारी पडल्या तेव्हाही मामांची भाषा बदलली नाही. डॉक्टर एक सांगत आणि मामा फोनवर आम्हाला दुसरंच. "अशक्तपणा आहे थोडा. ऊन पडायला लागलं की तरतरी येईल." मामी मार्चमध्येच गेल्या. फ्युनरल होममध्ये माणसं सांत्वनाला उभी होती आणि मामा कोपऱ्यातल्या फर्नची माती चाचपून तिथल्या बाईकडे पाण्याचा जग मागत होते. लोक काय काय कुजबुजले. मलाही लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू.

मामांना मित्र म्हणावा असा एकच माणूस होता, तो कोरियन. शेजारच्या वॉन शहरातल्या एका गोदामात दोघांनी वीस वर्षं शेजारी शेजारी खोकी बांधली. दोघांचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता. रिटायर झाल्यावर त्या माणसाने पीचच्या बागा आहेत त्या पट्ट्यात थोडी जमीन घेतली, प्लॅस्टिकचं लांबलचक ग्रीनहाउस उभारलं आणि त्यात चहा लावला. कॅनडात चहा! मामांना तो तेव्हापासून सख्ख्या भावासारखा वाटू लागला. दर मे महिन्यात तो स्वतः खुडलेल्या, कढईत परतलेल्या हिरव्या पत्तीचा छोटा डबा मामांना पाठवायचा. मामा ती पत्ती आलं, दूध, साखर घालून पाच मिनिटं खळखळा उकळायचे आणि खेदाने म्हणायचे, "वास चांगला आहे, पण रंग धरत नाही बिचारी." तो दर वर्षी 'स्प्रिंगमध्ये ये, मळा बघ' म्हणायचा. मामा दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. आधी मामींचं आजारपण होतं, मग मामींचं नसणं. गेल्या नोव्हेंबरात तो माणूसही गेला.

एप्रिलच्या शेवटी त्याच्या बायकोचा मामांना फोन आला आणि मामांनी मला लावला. "जावईबापू, शनिवारी गाडी काढ. चहाच्या मळ्यात जायचंय."

मला वाटलं, चला, एक दिवसाची सहल. मामांनी थर्मास, केळी आणि चिवडा घेतला. आभाळ सकाळपासून गळत होतं, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. मी विंटर टायर्स अजून काढले नव्हते, त्याबद्दल रस्ताभर देवाचे आभार मानले. मामा पहिली खुडणी, कोवळी पानं, कोरियातल्या हिरव्यागार टेकड्या असं काय काय बोलत होते. हे सगळं त्यांनी फोनवर व्हिडिओ बघून पाठ केलं होतं.

ग्रीनहाउसचं दार मित्राच्या बायकोने उघडलं. आत सरळ रांगांत दोनशेएक झाडं उभी होती आणि एकावरही हिरवं पान नव्हतं. नवरा गेल्यावर ती बाई हिवाळाभर मुलाकडे कॅलगरीला राहायला गेली होती, आता परत आली होती. जानेवारीच्या थंडीत इथला हीटर बंद पडला आणि कितीतरी दिवस कुणाला कळलंच नाही.

"माय सन सेज, सेल," ती म्हणाली. लहानशी, ताठ बाई, नवऱ्याचं मोठं जॅकेट घातलेली. "मंडे, मॅन कमिंग. ऑल पुल आउट. बट यू नो प्लांट्स. इफ अलाइव्ह, आय स्टे. यू टेल मी."

मामांनी मान हलवली आणि पहिल्या झाडापाशी गुडघ्यावर बसले. नख, साल, तपकिरी. पुढचं झाड. नख, साल, तपकिरी. सत्तरी ओलांडलेला माणूस ओल्या मातीत रांगत एकेक झाड बघत होता. मी उठायला हात दिला तो त्यांनी झिडकारला. ती बाई दारात उभी होती. मी मनात म्हणत होतो, आता हे म्हणणार 'येईल, येईल', आणि ही बिचारी मुलाला नकार देऊन या काड्यांजवळ एकटी राहणार. मामांचा मला आधीच राग यायला लागला होता.

चौथ्या रांगेत एका बुंध्याशी खरोखरच फिकट हिरवी रेघ दिसली. मी ओरडलोच, "मामा, हे बघा!" मामांनी बोटांनी माती उकरली, मूळ चिमटीत धरलं. ते काळं पडलं होतं आणि दाबताच त्याचा लगदा झाला. "साल आहे नुसती," ते हळू म्हणाले. "तिला अजून कळलेलं नाही."

शेवटच्या झाडापर्यंत त्यांनी बघितलं. मग उठले, पँटला हात पुसले आणि त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले.

"सिस्टर," ते म्हणाले, "डेड."

"ऑल?"

"ऑल. डोन्ट वेट. गो टू युवर सन."

मामांच्या तोंडून 'डेड' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. तिने कमरेत वाकून मामांना नमस्कार केला आणि आम्हाला घरात नेलं.

नवऱ्याने केलेल्या चहाचा शेवटचा डबा तिने काढला. पाणी उकळलं, ते एका पसरट वाडग्यात ओतलं आणि मामांच्या समोर ठेवलं. ते निवायला ठेवलं होतं. कढत पाण्याने ती पत्ती कडू होते म्हणे. पण मामांना वाटलं, हा बशीत ओतून दिलेला चहाच. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, फुर्र करून सगळं कोरं पाणी पिऊन टाकलं आणि अदबीने म्हणाले, "व्हेरी नाइस." बाईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मामा गोंधळून माझ्याकडे बघत होते. तिने डोळे पुसले, पुन्हा पाणी उकळलं, आणि मग तिन्ही कपांत थोडा थोडा, फिरून पुन्हा थोडा थोडा चहा ओतला, सगळ्यांना सारखा यावा म्हणून. मामांनी तो दूध-साखरेशिवाय प्यायला. त्यांनी आणखी मागितला, तिने त्याच पत्तीवर पाणी घातलं. रंग पार जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो होतो.

परतताना हॅमिल्टन शहर मागे पडल्यावर मामा म्हणाले, "तुझ्या मामीने शेवटच्या आठवड्यात मला विचारलं होतं, खरं काय ते सांगा म्हणून. तिला वसईला बहिणीशी फोनवर नीट बोलायचं होतं, निरोप घ्यायचा होता. मी म्हटलं, निरोप कसला, उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ." वायपर फिरत होते. "नंतर तिने विचारलंच नाही. मी खोलीत गेलो की डोळे मिटून घ्यायची. झोपलेली नसायची रे ती. मला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून करायची."

मला काहीतरी म्हणायचं होतं. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत, तिलाही ते कळत होतं, असलं काहीतरी. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण शेजारच्या सीटवर नखांत माती घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाने आजच कुणालातरी खरं सांगितलं होतं, आणि त्याला खोटा धीर द्यायची माझी छाती झाली नाही. मी गाडी चालवत राहिलो.