पादांग बेसारचा एकच फलाट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साचतात. आमचे साचले अमेरिकेत, रेडमंडला, दामलेकाकांच्या किचनमध्ये. काका मूळचे पुण्याचे, सिग्नल इंजिनियर. मलेशियाच्या टोकाला, थायलंडच्या हद्दीवर असलेल्या पादांग बेसार गावात त्यांनी रेल्वेचं काम केलं. आता अमेरिकन पासपोर्टवर मुलाकडे असतात. शनिवारी आम्ही सॉफ्टवेअरवाले तिथे जमतो आणि काका आम्हाला त्या गावात फिरवून आणतात.

*

"स्टेशन एक, फलाट एक, देश दोन!" काका सांगतात. रुळांवरच्या विजेच्या तारा तिथेच संपायच्या. सामानासकट उतरायचं, एका खिडकीवर मलेशियाचा शिक्का, दुसरीवर थायलंडचा, मग डिझेलच्या गाडीने थायलंडमधलं हाट याई. "आणि पलीकडे घड्याळ तासभर मागे! बसल्या जागी तरुण व्हायचो, यार!"

*

काकांची घरमालकीण तमिळ. तिच्या भाच्याचं लग्न ठरलं पलीकडच्या मुलीशी. पत्रिकेत वेळ अकराची. पण कुठले अकरा, हे लिहायला दोन्ही घरं विसरली! वरपक्ष तासभर ताटकळला, नवऱ्याची आई रुसून बसली.

घरमालकीण म्हणाली, "नवरी वेळेवरच आली. घाई आमच्या घड्याळाला!"

*

घरमालकिणीचे वडील रबराच्या मळ्यात मजूर होते. महायुद्धात जपान्यांनी त्यांना सयामची, म्हणजे आजच्या थायलंडमधली रेल्वे बांधायला नेलं, याच मार्गाने. ते परतले नाहीत.

"तेव्हा पासपोर्ट कुणी विचारला नाही," ती काकांना म्हणाली होती. हे सांगून झालं की काका चहा तसाच ठेवतात.

*

कॅनडाच्या हद्दीवरच्या, मधे कुंपण नसलेल्या पार्कात आम्ही पिकनिकला गेलो. आमच्यातला निखिल कारमधून उतरेना. व्हिसा संपलेला, नवे कागद अडकलेले. चुकून पाऊल पलीकडे पडलं तर?

"अरे, गवत आहे ते!" काका हसले. निखिल हसला नाही. मग काका आपली प्लेट घेऊन कारमध्येच जेवायला बसले.

*

नंतर नागपूरला निखिलच्या आईची तब्येत ढासळली. गेला तर परत येता येईल याची खात्री नाही, इकडे बायकोला आठवा महिना. आई फोनवर म्हणायची, "येऊ नको रे, बरी आहे मी." निखिल बॅग भरायचा, पुन्हा रिकामी करायचा.

काकांनी कुणाला न विचारता नागपूरचं तिकीट काढलं. "मला कोण अडवतंय?"

हॉस्पिटलमधून त्यांचा फोन आला. निखिलने स्पीकरवर टाकला.

"आईंना आता नीट दिसत नाही," काका म्हणाले. "माझा हात धरून विचारलं, 'निखिल, जेवला का बाळा?'"

"मग?"

"मी म्हटलं, 'जेवलो, आई.'"