पाटावरून लावलेले ठिपके

दुसऱ्या तासाला वस्तीवरचा माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. पागोटं काढून हातात धरलेलं होतं, त्यावरूनच मी समजले. तरी फळ्यावरचा भागाकार पुरा केला, बाकी लिहिली, मुलींना वह्या मिटायला सांगितल्या आणि मगच बाहेर गेले. "वयनी गेल्या," तो म्हणाला. दीड महिना झाला या गोष्टीला. तो भागाकार मी का पुरा केला, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही...

सरूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि वहिनी लग्न होऊन नुकतीच आली होती. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची वस्ती. घरात म्हशी, शेळ्या आणि मी. तिघींचंही तिनंच केलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की मला कमरेवर घेऊन पलीकडे शाळेच्या वाटेला लावायची. पोरीला शिकवून काय करायचं, असं दादा म्हणाला तेव्हा तिनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. पुढे मी भोरला शिक्षिका झाले आणि त्या दिवसापासून ती मला 'तुमी' म्हणू लागली. मी तिला 'तू'च म्हणत राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी भोर दणाणत होतं, त्या वर्षी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात छाती काढून टाकली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, आता राहणी बदलावी लागेल. मिश्री बंद. डाव्या अंगानं हंडा उचलायचा नाही, त्या हाताला काटा किंवा विळा लागू द्यायचा नाही. दूध, अंडी, पालेभाजी पोटात जायला हवी. रोज भिंतीशी उभं राहून डाव्या हाताची बोटं चढवत न्यायची, नाहीतर खांदा आखडतो. आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला आणायचं.

मी ते सगळं सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवलं आणि चुलीजवळच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. वहिनीला वाचता येत नव्हतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, असं म्हणून मी सुटू बघते. पण खरं सांगायचं तर सुचलं होतं. दर खेपेला मीच तो तिला वाचून दाखवायचे आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक कलमाची हजेरी घ्यायचे. मिश्रीची डबी तिनं आपणहून माझ्या हातात दिली. घरातलं दूध डेऱ्यात घालून तूप करणारी बाई ती. वाटीभर दूध स्वतः पिताना चोरी केल्यासारखी दाराकडे बघायची.

भिंतीची युक्ती मात्र तिची. बोट गेरूत बुडवायचं आणि हात पोचेल तिथं ठिपका लावायचा. पहिला ठिपका खांद्याच्याही खाली होता. महिन्याभरात रांग कपाळापर्यंत गेली, मग डोक्याच्या वर. मी आले की उंबऱ्यातूनच भिंत बघायचे, आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची.

वर्ष उलटल्यावर एका खेपेला ठिपके खाली आलेले दिसले. हात जड येतो, ती म्हणाली. मी तिथंच फैलावर घेतलं. "जड येतो म्हणून सोडलंस की आखडलाच. डॉक्टरांना काय सांगू, आळस केला म्हणून? तोंड उघड बघू, मिश्री लावलीस का?"

तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. लहानपणी तिनं आपल्या हातांनी माझ्या तोंडात घास घातले होते आणि मी तिच्या हिरड्या तपासत होते. मिश्री नव्हती. तरीही मी नमले नाही.

पुढच्या खेपेला ठिपके वर गेले होते. त्यापुढच्या खेपेला आणखी वर. मी खूश झाले, शाबासकी दिली. इतकं चांगलं चाललंय तर पुण्याची फेरी या वेळी राहू दे, परीक्षाही जवळ आल्यात, असं मीच म्हटलं. ती लगेच हो म्हणाली.

मग एकदम तिची पाठ धरली, जेवण तुटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी काखेत हात लावला आणि विचारलं, ही गाठ कधीपासून आहे? पाच महिनं झालं असतील, ती म्हणाली. त्यांनी माझ्याकडे वळून आधी का आणलं नाही म्हणून विचारलं आणि मी म्हणाले, हिनं मला सांगितलंच नाही.

"व्हय," वहिनी म्हणाली. "म्याच न्हाई सांगितलं."

आधी आणलं असतं तर वाचली असती का, कोण जाणे. पण ती काखेत गाठ घेऊन एकटी राहिली ती माझ्या धाकानं, एवढं मला कळतं.

तेराव्यानंतर तो कागद काढायला मी चुलीपाशी गेले. शेजारी ठिपक्यांची रांग होती. सहज सगळ्यांत वरच्या ठिपक्याकडे हात नेला, तर पोचेना. टाचा उंचावल्या, तरी चार बोटं कमी पडली. वहिनी तर उंचीनं माझ्या कानापर्यंतच यायची.

दादा दारात बसला होता. मी न विचारताच तो बोलला. "पाटावर हुबी ऱ्हायाची. उजव्या हातानं लावायची. डावा वर जातच नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली व्हती. म्हनली, वन्सं एवढ्या लांबनं येत्यात, खुश हून जाऊ द्या."

यंदा घर सारवताना ती भिंत राहू दे, असं मी दादाला सांगितलं आहे. पाट अजून तिथंच भिंतीला टेकून ठेवलेला असतो. परवा गेले तेव्हा त्यावर उभी राहिले, मग कुठं त्या ठिपक्यावर बोट टेकलं. शाळेत रोज मी मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करते; एक बोटभर फरक असला तरी मला लांबून दिसतो.