हिरवळीवर पाय देऊ नको

नांदेडच्या वसतिगृहात पाणी होतं, पण थंडगार. डिसेंबरात त्या पाण्यानं अंघोळ करताना आम्हा मुलींचे दात वाजायचे. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत घरी जायचं म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गोष्ट असायची, मायच्या हातचं न्हाणं. चुलीवर तापलेलं कढत पाणी, शिकेकाई, आणि केस उन्हात वाळवून झाले की गोधडीत पुस्तक घेऊन पडायचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची सहामाही संपली तशी मी पिशवी भरली आणि अहमदपूरवरून जाणारी लातूरची एस.टी. धरली. बारा दिवसांची सुट्टी होती. खिडकीतून दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी दिसत होती. मी ती पाहिली आणि तरी न्हाण्याचाच विचार करत राहिले, हे कबूल करायला हवं.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. शहराबाहेर जिकडंतिकडं खडीचे ढीग आणि ओल्या चुन्याचा वास. साहेब लोकांसाठी नवे बंगले बांधले होते आणि त्यांतल्या एका बंगल्यावर माझे बाबा माळी होते. आमचं मूळ गाव उदगीरकडचं. जिल्हा झाला, माणसं लागली, तेव्हा बाबांना हे काम मिळालं आणि माय-बाबा गाव सोडून इथं आले. बंगल्याच्या मागं, कुंपणाला लागून, दोन खोल्यांवर पत्रे टाकलेले होते. तेच घर.

पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मी दारात चपला काढल्या आणि सवयीनं विचारलं, "माय, पाय धुवायला पाणी?"

मायनं ओलं फडकं पुढं केलं. "पुसून घे, बाई. उद्या बघू."

"आणि न्हाणं?"

"सुट्टी लागली तुला, पावसाला कुठं लागलीय?" असं म्हणून ती हसली, पण मला हसू आलं नाही. पाच तासांच्या प्रवासाची धूळ माझ्या मानेवर चिकटली होती. मी फुरंगटून बसले. तिनं गरम भाकरी, वांग्याचं भरीत, वर करडईच्या तेलाची धार असं वाढलं आणि मी घुश्शातच खाल्लं. त्या वेळी मला माझ्याच सुट्टीचा राग आला होता. एवढाच माझा राग होता तेव्हा.

सकाळी जाग आली ती पत्र्यावर ऊन तापायला लागल्यावर. गोधडी दुहेरी करून अंगावर टाकलेली होती, एक माझी आणि एक मायची. चुलीत गोवऱ्या धुमसत होत्या. मी तशीच ऊबेत पडून राहिले. तेवढ्यात माय दारातून आत आली, डोक्यावर दोन घागरी, एकीवर एक. मान ताठ ठेवून तिनं आधी वरची उतरवली, मग खालची, मग चुंबळ काढून खुंटीला अडकवली. पदर खांद्यापर्यंत भिजलेला होता. दोन खेपा झाल्या होत्या म्हणे.

"कुठून आणलं?"

"मळ्यातल्या हिरीवरून. रस्त्याच्या नळाला दिवाळीपासून पाणी न्हाई."

मळा म्हणजे पाऊण तासाची वाट. मी लाजेनं उठले आणि तिसऱ्या खेपेला तिच्याबरोबर गेले. विहिरीच्या काठावर तीस-चाळीस बाया होत्या. पाणी इतकं खाली गेलं होतं की पोहरा तळाला टेकल्याचा आवाज यायचा आणि वर यायचं ते गढूळ, चहासारखं. प्रत्येकीनं आपला दोर आणलेला. मायनं दोर ओढला, मी ओढला, दोघींच्या हाताला वळ आले. घागर भरायला अर्धा तास गेला.

परत येताना मायनं बंगल्याच्या फाटकातून जाणारी जवळची वाट धरली. आणि तिथं मी बाबांना पाहिलं. ते रबरी नळी हातात धरून हिरवळीला पाणी देत होते. चांगली ऐसपैस हिरवळ होती, कडेनं गुलाब, शेवंती. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ते पाण्याचा फवारा करत होते, आणि जास्तीचं पाणी विटांच्या कडेवरून वाहत गटारात जात होतं. स्वच्छ, पांढरंशुभ्र पाणी. बंगल्याच्या टाकीसाठी एक दिवसाआड टँकर यायचा.

मी घागर घेऊन थांबले. माझ्या डोक्यावरून गढूळ पाणी कानामागं ओघळत होतं. बाबांनी आमच्याकडं पाहिलं, नजर खाली केली आणि म्हणाले, "बाजूनं जा. हिरवळीवर पाय देऊ नको."

माय बाजूनं गेली. रोज जात असावी, कारण तिला कडेच्या दगडांची सवय होती. मी मात्र गवतातून चालत गेले. मुद्दाम, टाचा दाबून.

जेवताना मी विषय काढला. "बाबा, तुमच्या हातात नळी असती. दोन घागरी भरायला किती वेळ लागतो?"

"ते पाणी बागेचं हाय."

"बागेला तहान लागती, मायला लागत न्हाई?"

"मी तिथं नोकरीला हाय," बाबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. लहानपणी त्याचं मला कौतुक होतं. त्या दिवशी मला तो आवाज गुलामासारखा वाटला, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "साहेबाला भिता तुम्ही." मायनं मला डोळ्यांनी दटावलं. बाबा ताट धुवायला उठले. ताट धुतलं म्हणजे राखेनं पुसलं.

पुढचे तीन दिवस मी मायबरोबर विहिरीवर जात राहिले. पुस्तक उघडलंच नाही. चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर, कडेच्या त्याच दगडांवर, मायचा पाय मुरगळला. दोन्ही घागरी खाली आल्या. एकीला केवढा तरी पोचा पडला आणि पाणी मातीत गेलं. माय पायाला हात न लावता आधी घागर उचलून बघत होती. घोटा बघता बघता फुगला. मी तिला धरून घरी आणलं, हळद-मीठ गरम करून बांधलं, गोधडी टाकून निजवलं.

मग मी पोचे पडलेली घागर आणि दुसरी चांगली, अशा दोन्ही घेतल्या आणि सरळ बागेतल्या नळावर गेले. बाबा कचेरीत खतं आणायला गेले होते. मी तोटी सोडली.

साहेबांच्या बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत उन्हाला बसल्या होत्या. मांडीवर लोकरीचं विणकाम, शेजारी चहाचा कप. त्यांनी मान वर केली. "कोण गं तू?"

"माळ्याची मुलगी. नांदेडला कॉलेजात असते." कॉलेजचं का सांगितलं कोण जाणे.

"हो का! छान. भर ना, भर. तुमच्याकडे पाणी येत नाही का? अगंबाई, माळीबुवा कधी बोलले नाहीत. सांगायचं नाही का त्यांनी?"

मला त्या क्षणी त्या बाई चांगल्या वाटल्या. बाबांचाच राग आला. म्हणजे नुसतं विचारायचं होतं! एक शब्द! मी दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या आणि जिंकल्यासारखी घरी आले. मायला तांब्याभर पाणी दिलं. तिनं तांब्या उजेडाकडं धरून पाहिला आणि प्यायली नाही, उशाशी ठेवला.

बाबा दुपारी आले. आत पाऊल टाकताच त्यांची नजर घागरीत गेली. आमच्या घरातलं पाणी तळ दिसण्याइतकं स्वच्छ कधीच नसायचं.

"कुठलं?"

"बागेतलं. बाईसाहेबांना विचारून आणलंय. त्या म्हणाल्या, तुम्ही कधी मागितलंच न्हाई."

बाबांनी घागरी उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात. मी दारात आडवी उभी राहिले. "मायचा पाय मोडलाय, बाबा. कोण जाणार हिरीवर?"

"सर बाजूला."

ते गेले आणि मी बघत असताना त्यांनी दोन्ही घागरी शेवंतीच्या आळ्यात ओतल्या. मी किंचाळले असेन. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बापाला बोलू नये असंच बोलले.

रिकाम्या घागरी दारात ठेवून बाबा उंबऱ्यावर बसले. आमच्याकडं पाठ करूनच ते बोलायला लागले.

"गावात हिरीच्या पायऱ्या चढायची आपल्याला बंदी होती. माझी माय खाली घागर ठिवून उभी राहायची. वर कुणी आलं की म्हणायची, वाढा हो माय पाणी. कुणी वाढायचं, वरून, धार धरून. कुणाला घाई असली की न्हाई. मी तिच्या लुगड्याला धरून उभा असायचो. सकाळची दुपार व्हायची. आपण धरम बदलला तवा माझ्या बापानं सांगितलं, आता पाणी मागायचं न्हाई. कुणालाच न्हाई. मी न्हाई मागत."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजीचा चेहरा मला आठवत होता, पण ती अशी खाली उभी असलेली मला कधी दिसली नव्हती. चार दिवस ज्या माणसाला मी भित्रा म्हणत होते, तो भीत नव्हता.

पण माय गोधडीतून उठून बसली. नवऱ्याला उलट बोलताना मी तिला आजवर पाहिलं नव्हतं.

"तुमी न्हाई मागितलं," ती म्हणाली. "लई चांगलं केलं. पण तुमचा मान कुणाच्या डोक्यावर चाललाय? दोन घागरी, तीन खेपा. दोन म्हैने झाले. हिरीवर मी जाते, तुमी न्हाई."

बाबांनी वळून पाहिलं. माय परत आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागरी घ्यायला गेले तर त्या जागेवर नव्हत्या. सायकलही नव्हती. मी दोर घेऊन मळ्याच्या वाटेला लागले. विहिरीवर बाया कडेला सरकून, पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण रांगेच्या टोकाला एक बाप्या उभा होता. बाबांनी खाकी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "या पुढं, दादा, भरून घ्या." ते म्हणाले, "नंबर आल्यावर." नंबर आला तेव्हा त्यांनी स्वतः पोहरा सोडला, ओढला, घागरी भरल्या, सायकलच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोरीनं बांधल्या. मी मागून सायकल धरली.

त्याच दिवशी दुपारी बंगल्यावरचा शिपाई बादलीभर पाणी घेऊन आला. बाईसाहेबांनी पाठवलं होतं. बाबा तोंड उघडणार तेवढ्यात माय आतून म्हणाली, "आपण मागितलं न्हाई, आपणहून आलंय. ठिव रे." शिपायानं बादली ठेवली. बाबांनी त्यातलं पाणी पिलं नाही, पण ओतलंही नाही. मायनं त्यात बाबांचे सदरे आणि माझा ड्रेस बुडवून काढला. दुसऱ्या दिवशीही बादली आली. तिसऱ्या दिवशी बंगल्यावर पाहुणे आले आणि बादली आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. नंतर कधीच आली नाही.

तेव्हा कुठं मला त्या बाईंचा राग आला, आणि तो आजही तसाच आहे. 'माळीबुवा कधी बोलले नाहीत.' त्यांची खुर्ची व्हरांड्यात होती. माय रोज सकाळी तीनदा त्यांच्या समोरून, दहा-बारा पावलांवरून, डोक्यावर दोन घागरी घेऊन, हिरवळ चुकवत जायची. दोन महिने. त्यात सांगायचं काय होतं? त्यांना डोळे होते. मी त्यांना चांगल्या म्हणाले होते, याचाही मला राग येतो.

बाबांवरचा राग गेला असंही नाही. त्यांनी पाणी का मागितलं नाही ते मला कळलं, अगदी आतून कळलं. पण ते दोन महिने सायकल दाराशीच होती.

सुट्टी संपायला तीन दिवस असताना मी नांदेडला परतले. माय म्हणाली, "इथं राहून पाणीच भरशील, तिकडं जाऊन आभ्यास कर." बाबा स्टँडवर आले होते. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "परत आलीस तर मला भित्रा म्हणू नको."

"न्हाई म्हणणार," मी म्हणाले.

फेब्रुवारीत शेजारणीच्या मुलीकडून लिहून घेतलेलं मायचं पत्र आलं. टँकर आता आठवड्यातून एकदाच येतो, हिरवळ पिवळी पडली, साहेब बाबांना रागावले, असं त्यात होतं. विहिरीवरच्या बाया बाबांना भाऊ म्हणतात आणि म्हाताऱ्यांचे पोहरे त्यांच्याकडून ओढून घेतात, असंही होतं. घोट्याबद्दल एक ओळ नव्हती. मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, कडेला, मागं, कुठंच नव्हती. मग मी लगेच कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाय कसा आहे ते आधी कळव, बाकीचं नंतर.