झोळीतून परत घेतलेली भाकरी

अक्काला साखरेचा आजार आहे हे कळलं तेव्हा आमच्या घरात साखर बघून वर्ष झालं होतं. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विधवा, औरादला आमच्याजवळच राहायची. तिला स्वतःलाच हसू आलं. म्हणाली, "घरात गुळाचा खडा न्हाई, अन् मी मात्र गुळाची ढेप हाय म्हनं." मी हसले नाही.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. आमचं किराणा दुकान त्या धामधुमीत गेलं होतं. नवरा मिळेल त्या कामावर जायचा, आणि कंट्रोलच्या दुकानात ज्वारी आली तर आली. इन्सुलिनची बाटली मात्र यायची. धाकटे दीर हैदराबादला नोकरीला होते, ते बस ड्रायव्हरच्या हाती पाठवायचे. ओल्या वाळूत पुरलेल्या गाडग्यात मी ती ठेवायची. अक्काचा हात थरथरायचा म्हणून सुई टोचायला मीच शिकले. सुईची पिचकारी उकळायची, अक्काची आंघोळ आणि लिंगपूजा होऊ द्यायची, मग दंडात सुई, आणि अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न. हे शेवटचं बीदरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. सुई गेली आणि अन्न गेलं नाही तर माणूस घामाघूम होऊन कोसळतं, मरतंसुद्धा. आमच्याकडं औषध होतं, त्याच्या मागून खायची भाकरी नव्हती.

पहिली चूक मी बीदरला केली. डॉक्टरांनी लघवी तपासली, काचेच्या नळीतलं निळं औषध विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर फार. त्यांनी विचारलं, "खाना दो वक्त बराबर मिलता ना अम्मा को?" शेजारी कंपाउंडर उभा होता. आमच्याच गावचा, आमच्याच लिंगायत समाजातला. ज्या घरातून सोमवारी भिक्षेला आलेला जंगम कधी रिकाम्या झोळीनं गेला नाही त्या घरात चूल पेटत नाही, हे त्याच्या कानावर कसं घालायचं? मी म्हणाले, "व्हय, दोन्ही वेळला. दोन-दोन भाकऱ्या." अक्का खाली बघत राहिली. डॉक्टरांनी सुई वाढवून दिली.

त्यानंतर रोज सकाळी पिचकारीत औषध ओढताना मी रेघेपाशी अडायची. कमी द्यावं तर तिची तहान आणि लघवी वाढायची, ती वाळत चालली होती. सांगितल्याएवढं द्यावं तर पुढं काय वाढायचं, हा प्रश्न.

एका सोमवारी घरात एका भाकरीचं पीठ होतं. ती अक्काची, हे ठरलेलंच होतं. सुई देऊन मी भाकरी तव्यावर टाकली, आणि दारात अय्यांची घंटा वाजली. अय्या म्हणजे आमचे भिक्षेला येणारे जंगम. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. अक्का आतून म्हणाली, "दे त्यास्नी आदी. मला काय हुतंय?" आता पन्नाशीला आल्यावर खरं लिहिते. तिनं तसं म्हणावं याचीच मी वाट बघत होते. भाकरी झोळीत पडली. शेजारणीकडून ओंजळभर पीठ आणू, असा माझा हिशेब होता.

शेजारचं दार बंद. पलीकडचंही. सगळे शेतावर गेलेले. परत आले तर अक्काची चोळी घामानं भिजून चिंब झाली होती. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "आई, मला बाजारला कामून न्हेईनास?" मी तिची आई नव्हते. आई, म्हणजे सासूबाई, तिच्या उशाशी बसून रडत होत्या.

मी पळाले. आडाजवळच्या पारावर अय्या बसले होते, झोळी मांडीवर. झोळीत पडलेलं परत मागणं म्हणजे शिवाच्या ताटात हात घालणं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. आणि आडावर चार बायका पाणी शेंदत होत्या. मी भिंतीआड थांबले. त्या जातील मग मागू, असं मनाशी म्हणाले. एकीची घागर भरली. दुसरीची भरली. दोघी बोलत उभ्या राहिल्या, कुणाच्या तरी सुनेची टवाळी चालली होती. मी भिंतीला नखं लावून उभी. तिसरीची भरली. तेव्हा कुठं पाय हलले.

अय्यांपुढं पदर पसरून मी म्हणाले, "अय्या, ती भाकरी परत द्या. अक्का मरायलीय."

त्यांनी कामून म्हणून विचारलं नाही. भाकरी काढली, खाली हात घालून कुणीतरी वाढलेला गुळाचा खडाही काढला. "घे माय. मागूनच आनलेलं हाय, आमचं कुठलं?" आडावरची चौथी बाई घागर तशीच धरून बघत राहिली.

घरी अक्काची दातखीळ बसली होती, अंग झटके देत होतं. मी गूळ ओला करून गालाच्या आत चोळत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. वाचली. पण पहिली अक्का परत आली नाही. तिचा उजवा हात पांगळा झाला, शब्द अडखळू लागले, आणि ती थट्टा करायची विसरली.

पुढच्या खेपेला बीदरला मी कंपाउंडरच्या देखत सांगितलं, एक भाकरी, कधी तीही नाही. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. सुई कमी करून दिली. "पहले बोलना था," एवढंच म्हणाले.

गावात मात्र माझं नाव झालं. काहींनी बाटवी म्हटलं. घरातल्यांनी वाघीण म्हटलं, लाज सोडून झोळीतून नणंदेचा जीव मागून आणला म्हणून. भिंतीआड मी किती वेळ उभी होते हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

अक्का त्यानंतर दोन वर्षं जगली. रोज सकाळी मी पिचकारी घेऊन गेले की दंड पुढं करायच्या आधी अडखळत विचारायची, "भाकरी झाली?" मी झाली म्हणायची. ती माझ्या तोंडाकडं बघायची नाही. भिंत धरून उठायची, चुलीपाशी जायची, टोपलं उघडून स्वतः बघायची, आणि मगच येऊन दंड पुढं करायची.