कापलेलं कडवं

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात गाणी भरत होतो. वडनेरहून त्याचा शेजारी बोलत होता. "विनूभाऊ, सुदामभाऊ गेले. सकाळी वावरात वांगे तोडाले गेलते. पाटी भरली अन् धुऱ्यावर बसले... ते बसलेच." मी अरेरे म्हणालो, केव्हा नेणार ते विचारलं आणि फोन ठेवला. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार इथे लिहून टाकतो, कारण तो लपवून पुढचं लिहायचं तर हा लेखच नको. विचार असा होता : सुटलो. आता कॅसेटचं कुणी विचारणार नाही. मग गिऱ्हाइकाचं कार्ड पूर्ण भरून दिलं, शटर ओढलं आणि वडनेरची बस धरली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची आपल्याकडे रीत आहे. सुदाम चांगला होताच, पण त्याच्याजवळ तासभर बसणं ही शिक्षा होती. हिंगणघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावर. माझ्या वडिलांचं दुकान, त्याच्या बापाची भाजीची वाडी. तो दर बाजाराला वांगी घेऊन यायचा आणि माल विकून झाला की माझ्या दुकानात ठाण मांडायचा. मग गाणं. त्यानं रचलेलं, त्यानंच चाल लावलेलं, आणि ते ऐकून तुम्ही "वा" म्हणेपर्यंत तुमच्या तोंडाकडे बघत राहणं. आवाज मात्र असा, की समोरचा चहावाला उकळता चहा तसाच सोडून ऐकत उभा राहायचा. आणि हावरटपणा एकच, नावाचा. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव आणि गाव येतं. दुसऱ्या गावच्या मंडळानं ते गाणं उचललं तरी नाव घ्यावंच लागतं, नाहीतर कडवं मोडतं. सुदामचा या रिवाजावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. म्हणायचा, "विन्या, गानं कुठंबी हिंडू दे लेका, शेवटी माह्याच घरी येते."

नव्वदच्या दशकात, कॅसेटचा धंदा जोरात होता तेव्हा, एका कंपनीनं त्याला गाठलं. सहा गाणी एका दिवसात भरून घेतली आणि कागदावर सही घेतली. कागद त्यानं वाचला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सही मागतली त्यायनं! आजलोक मले कोन सही मागतली?" कॅसेट आली, तिच्या कव्हरावर कुठल्याशा पोरीचा फोटो होता आणि सुदामचं नाव कुठेच नव्हतं. मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला. तो हसला. "आतमंधी आहे ना बे. शेवटच्या कडव्यात." मिळालेल्या सगळ्या कॅसेट त्यानं वाटून टाकल्या, एक स्वतःसाठी ठेवली. खप बेताचाच झाला, कंपनी विसरली, गावही विसरलं. त्या सहांत आमच्या वेणा नदीचं एक गाणं होतं, वेणेच्या काठी वांग्याची पाटी, काऊन मले पायून फिरवते पाठी... ते मात्र मी विसरलो नव्हतो.

पुढे वडिलांच्या जागेत चालवलेलं कॅसेटचं दुकान मोडून मी सायबर कॅफे टाकला. तीन कम्प्युटर, एक टेलिफोनची लाईन. त्या दिवसांत एक सॉफ्टवेअर आलं होतं. आपल्या मशीनमधली गाणी जगासाठी उघडी ठेवायची आणि जगाची आपण ओढून घ्यायची. कॉलेजची पोरं त्यासाठी रांग लावायची. सुदामनं हे पाहिलं आणि त्याच दुपारी घरी जाऊन स्वतःची कॅसेट घेऊन आला. "विन्या, माह्यं गानं टाक ना याच्यात." मी टेपरेकॉर्डरला वायर जोडून गाणं मशीनमध्ये उतरवलं. दुकानाच्या सवयीनं कॅसेट खणात टाकली आणि रिकामी डबी त्याच्या हातात दिली. "उद्या कॅसेट घेऊन जा," म्हणालो. तो डबी खिशात घालून गेला.

त्यानंतर मी जे केलं ते वाईट हेतूनं केलं असं नाही. वाईट हेतू असता तर निदान काही मिळवलं तरी असतं. लाईन सारखी तुटायची. कुणी गाणं ओढायला लागलं की अर्ध्यात खटका. फाईल लहान असली तर पोचायची आशा. म्हणून मी शेवटचं कडवं कापलं. मिनिटभराचं तर होतं. आणि फाईलला सुदामचं नाव देऊन काय उपयोग, वडनेरच्या सुदामला शोधणार कोण? मी तिथे त्या वेळी चलतीत असलेल्या एका गायकाचं नाव टाकलं. सुदाम आला तेव्हा पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. "हे काय होऊन राह्यलं?" "कुणीतरी तुझं गाणं घेतंय." "कोन?" "मला काय माहीत, असेल दुबईतला कुणी वऱ्हाडी." तो पट्टी पूर्ण होईपर्यंत उभा राहिला, खुर्ची देऊनही बसला नाही. कॅसेट न्यायची त्या नादात राहूनच गेली. फाईलवरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. पुढच्या बाजारापासून तो माझ्याकडे पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला.

गाणं पसरलं. एका सीडीत दीडशे गाणी अशा सीड्या बाजारात फिरायच्या, त्यांत ते शिरलं. ऑटोत वाजलं, वरातीत वाजलं. देवळीला आमच्या ओळखीत एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो आणि लाउडस्पीकरवर तेच लागलं. सुदामनं हातातला घास ताटात ठेवला. आजूबाजूच्यांना हातानं गप्प केलं. "थांबा, थांबा, आता येते." त्याचा हात वर होता, शेवटचं कडवं सुरू व्हायच्या वेळी तो खाली आणायचा, तसा. गाणं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. हात वरच राहिला. समोरचा एकजण म्हणाला, "काय आता येते भाऊ?" सुदाम म्हणाला, "हे माह्यं गानं आहे." पंगत हसली. "मंग वांगे बी तुह्येच असन!" वांगी खरंच त्याचीच होती, लग्नघरी त्यानंच पोचवली होती. मीही हसलो. हसलो म्हणजे अगदी मोकळेपणानं हसलो. परत येताना त्यानं विचारलं, "कडवं कुठं गेलं रे?" मी म्हणालो, "सीडीवाल्यांनी कापलं असेल, हरामखोर असतात." तो सीडीवाल्यांना शिव्या देत राहिला आणि मी त्याला साथ दिली.

गाणं चालतंय म्हटल्यावर कंपनीला आपला कागद आठवला. त्या काळात त्यांचा धंदा बसत चालला होता आणि ज्या मोठ्या मोठ्या चोरांनी तो बसवला त्यांना हात लावायची यांची छाती नव्हती, म्हणून गावोगावी लहान दुकानांवर धाडी. एका दुपारी पोलिसांसोबत कंपनीचा माणूस माझ्या कॅफेत आला. मशीन उघडलं, फाईल सापडली. "हे कुणी टाकलं?" माझ्या तोंडून काय निघालं ते मला अजून शब्दशः ऐकू येतं. "ज्याचं गाणं आहे त्यानंच." सुदामला ठाण्यात बोलावणं गेलं. निरोप असा पोचला की वांग्याची पाटी गाणं कुणाचं आहे, त्याची चौकशी आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो पांढरा शर्ट घालून आला. रेखावहिनींनी, त्याच्या बायकोनं, निघताना ओवाळलंसुद्धा होतं.

कंपनीच्या माणसानं विचारलं, "हे गाणं तुमचं?" सुदाम म्हणाला, "माह्यंच आहे साहेब. म्हनून दाखवतो." आणि खरंच गायला लागला, ठाण्यात, उभ्यानं. हवालदार कौतुकानं ऐकत होता. "कम्प्युटरवर तुम्ही टाकलं?" "मीच टाकाले लावलं. विनूनं फक्त बटन दाबलं. त्याचा काई दोष नाई." सगळं लिहून झालं आणि त्यानं आनंदानं सही केली. मग त्या माणसानं कंपनीचा जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "गाणं आमचं आहे. तुमचा फक्त आवाज आहे." सुदामला बराच वेळ कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पकडल्याबद्दल बोललाच नाही, भलत्याच गोष्टीला लागला. "पन हे तर कापलेलं आहे. मी देल्लेल्या गान्यात माह्यं नाव आहे. हे दुसऱ्याच कोनाचं काम आहे साहेब. विन्या, आपली कॅसेट दाखव यायले." सगळे माझ्याकडे वळले. कंपनीचा माणूस म्हणाला, कापणाऱ्याला आणि नाव बदलणाऱ्याला तर मुळीच सोडणार नाही. कॅसेट खणात होती. ती दिली असती तर पूर्ण गाणं माझ्याकडेच होतं, म्हणजे कापलंही मीच, हे दोन मिनिटांत कळलं असतं. मला पोलिसांची भीती होती हे खरं, पण सुदामला कळेल याची त्याहून जास्त होती. मी म्हणालो, "ती तर तुला तेव्हाच परत केली ना, सुदाम. डबीसकट नेलीस तू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो की तो आता खोटारडा म्हणेल, अंगावर येईल. तो आठवत होता. कपाळाला हात लावून, मनापासून आठवत होता. "डबी तर आहे घरी," म्हणाला. "मंग कॅसेटबी असन. मीच कुठं ठेवली असन." माझ्या शब्दापुढे त्याला स्वतःची आठवण खोटी वाटली. तो मूर्ख नव्हता. त्यानं मला मित्र मानलं होतं, एवढंच.

माझी जप्त झालेली मशीनं काही महिन्यांनी परत मिळाली. व्यापाऱ्यांची ओळखपाळख असते. सुदाम कोर्टाच्या तारखांना चकरा मारत राहिला आणि शेवटी कंपनीनं त्याच्याकडून लिहून घेतलं की हे गाणं मी परवानगीवाचून कुठेही म्हणणार नाही. मग त्याला सोडलं. पुढे ती कंपनीही बुडाली, लोकांनी फुकटची गाणी ओढून ओढून तिला संपवली, पण सुदामनं शब्द पाळला. त्यानंतर त्यानं ते गाणं म्हटलं नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, आता कंपनी कुठे राहिली आहे? म्हण की." तर म्हणाला, "लिहून देल्लं आहे ना बे." एका वांगी विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या सहीची एवढी किंमत, आणि मी त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो. मात्र दर बाजाराला एक प्रश्न ठरलेला. "विन्या, पक्कं ना, मी नेली होती?" "पक्कं." मग तो मान हलवून म्हणायचा, "मंग रेखानंच कुठं टाकली असन." गाणं गमावल्याचं त्याला सोसलं, कॅसेट हरवल्याचं नाही. तो वहिनींवर उखडायचा, महिना महिना बोलायचा नाही. हे मला ठाऊक होतं. मी पक्कंच म्हणत राहिलो.

तेरवीला गेलो तेव्हा कॅसेट माझ्या खिशात होती. एक वाक्य पाठ केलं होतं. वहिनी, ही माझ्याकडेच राहिली होती. हिंगणघाटपासून वडनेरपर्यंत बसमध्ये तेच घोकलं. घरात त्याच्या हार घातलेल्या फोटोजवळ ती रिकामी डबी ठेवलेली, तिच्यावरचा पोरीचा फोटो रंग उडून पांढरा झालेला. वहिनी म्हणाल्या, "दर दिवाळीले घर उपसलं भाऊजी आमी. जाच्या आठ दिवस आधी मले म्हनते, रेखा, तुह्या पेटीत पाय ना एकडाव. मी म्हनलं, हजारदा पायली, माह्या पेटीत नाई. तर तोंड फिरवून झोपले." असं म्हणत त्यांनी आपली लग्नातली पत्र्याची पेटी उघडली आणि पांढरा शर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हा तुमी घ्या. तुमच्याकडे यायचं असलं का हाच घालत." मग चहा टाकायला आत गेल्या. पेटी उघडीच होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं... मी कॅसेट काढली, साड्यांच्या तळाशी सरकवली आणि चहा पिऊन निघालो. बसमध्ये मला हलकं वाटत होतं. चोर असलो तरी माल पोचवला, असलं काहीतरी मनात होतं.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाल्या, "सापडली भाऊजी. माह्याच पेटीत. माह्या शालूखाली. ते म्हनत होते तेच खरं होतं... मीच हरवली. मरेपर्यंत मी त्यायले खोटं पाडलं." शेजाऱ्याचा टेप आणला होता. त्यांनी फोन टेपजवळ धरला. सगळं गाणं वाजलं, आणि मग इतक्या वर्षांनी तेही.

वडनेरचा सुदाम म्हने, काटे देठाले,
चव ज्याची त्याले ठावी, लागे ओठाले...

"ऐकलं का भाऊजी? नाव आहे." मी म्हणालो, "ऐकलं." त्या पुन्हा रडायला लागल्या, आणि मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, होतं असं कधी कधी." एवढं बोलून मी फोन ठेवला.

वहिनी पेपर वाचत नाहीत. पण वडनेरच्या स्टँडवर ही पुरवणी येते, कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल. जो कुणी दाखवेल त्याला माझी विनंती, शेवट कापू नको. आमच्याकडे शेवटी नाव आणि गाव सांगायची रीत आहे, ती मी आज पाळतो. हिंगणघाटचा विनायक म्हणे, वहिनी, कॅसेट तुमच्या पेटीत कधीच नव्हती. माझ्या खणात होती.